फोल्डिंग तंबूचा खर्च पायांवर करा

हुपरी चांदीची आणि पैंजणांची. पण गावात आणि आसपासच्या रस्त्यांवर वर्षभर दुसरीही एक वस्तू दिसते : ओढले की उघडणारा, 10 बाय 10 फुटांचा फोल्डिंग तंबू. उन्हाळ्यात तो कलिंगडांच्या राशीवर असतो, भाद्रपदात गणेशमूर्तींवर, दिवाळीत आकाशकंदिलांवर, आणि मधल्या काळात कुणाच्या दारातल्या कार्याला किंवा रक्तदान शिबिराला. घेणारा बहुतेक पैसे कापडावर आणि त्यावरच्या छपाईवर घालतो. तंबू मात्र कापडामुळे क्वचित जातो. तो जातो पायांत आणि सांध्यांत. म्हणून पुढची यादी छतापेक्षा पायांविषयी जास्त बोलते.

घेताना

*करावे*

– आधी पायाची नळी पाहावी, मग कापड. हे तंबू आपल्याकडे किलोवर बोलले जातात. दुकानदार सांगतो ते वजन नुसत्या सांगाड्याचे, की कापड, पिशवी आणि कनाती धरून, हे स्पष्ट विचारावे. नळीच्या उघड्या तोंडाला व्हर्निअर लावून पत्र्याची जाडी मोजावी. तारेची जाडी रोज पारखणाऱ्या गावाला हे अवघड नाही.

– तंबू दुकानातच पूर्ण उघडून पाहावा. एका कोपऱ्याला धरून हलवावा. कात्र्या, म्हणजे छताखालच्या फुलीसारख्या जोडलेल्या पट्ट्या, लचकतात, की सांधे खिळखिळतात, ते बघावे. कात्री थोडी लचकली तर चालते, सांधा खिळखिळा असेल तर तंबू घेऊ नये.

– सांध्यांचे सुटे भाग मिळतात का, हे खरेदीआधी विचारावे. कात्र्या जिथे पायाला जोडतात तिथला प्लॅस्टिकचा तुकडा सर्वांत आधी तडकतो. तो मिळत नसेल तर बाकी सगळे धडधाकट असूनही तंबू भंगारात जातो.

– कापडाचा डेनियर विचारावा. 9,000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. इचलकरंजीच्या शेजारी राहणाऱ्यांना हे मुद्दाम सांगायला नको. 300 डेनियरचे पॉलिस्टर अधूनमधून वापरायला ठीक, रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्याला 600 घ्यावे. आतल्या बाजूचा पाणीरोधक थर बोटाने घासून पाहावा. चिकट लागला किंवा पापुद्रा निघाला, तर माल जुना आहे.

*टाळावे*

– तिरक्या पायांचा तंबू. जमिनीवर 10 फूट दाखवतो, डोक्यावर सावली 8 फुटांचीच देतो.

– एकट्याने चालवायच्या धंद्याला 10 बाय 20 चा तंबू. वारा सुटला की तो एका माणसाला मिटवता येत नाही.

– अॅल्युमिनियमचा सांगाडा केवळ हलका म्हणून घेणे. रोज गाव बदलणाऱ्याला तो चांगला, गंजतही नाही. पण सांगाडा जितका हलका तितके पायाशी वजन जास्त लागते, हा हिशेब खरेदीच्या दिवशीच धरावा.

पायाशी वजन

या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे, कारण बाकी सगळी देखभाल याच्यावर उभी आहे.

ताशी 40 किलोमीटर वेगाचा वारा समोरून आला तर दर चौरस मीटरला साधारण साडेसात किलोचा दाब टाकतो. 3 मीटर रुंद आणि 2 मीटर उंच अशा एका कनातीवर हा दाब 45 किलोच्या आसपास जातो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणजे ताशी 80 किलोमीटरला त्याच कनातीवर 180 किलो. तंबू स्वतः असतो 20-25 किलोचा. हातांनी धरून तो राहील, असे कुणीही मानू नये.

*करावे*

– प्रत्येक पायाला किमान 18 ते 20 किलो वजन बांधावे, चारही पायांना, निरभ्र दिवशीसुद्धा. अमेरिकेतल्या अनेक शेतकरी बाजारांत दर पायाला 24 ते 40 पौंड, म्हणजे 11 ते 18 किलो वजनाची अटच असते. आपल्याकडचा वळीव पाहता वरचा आकडा आपला धरावा.

– वजन घरी बनवावे. 4 इंची पीव्हीसी पाइपचा 3 फुटांचा तुकडा खालून बंद करून काँक्रीटने भरला, की 18 किलोंच्या आसपास होतो. काँक्रीट ओले असतानाच वर जाड हूक रोवावा. एक दिवस घट्ट होऊ द्यावे, नंतर आठवडाभर पाणी मारावे. हा पाइप पायाला चिकटून उभा राहतो, गिऱ्हाइकाच्या पायात येत नाही.

– त्याहून आटोपशीर वजन हवे असेल तर ओतीव लोखंड. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतकाम चालते. नाकारलेले ओतीव तुकडे भंगाराच्या भावात मिळतात का, ते विचारावे. लोखंड काँक्रीटच्या तिपटीने जड, म्हणून जागा तितकीच कमी लागते. छिद्र असलेला तुकडाच निवडावा, म्हणजे बांधता येतो.

– काहीच नसेल त्या दिवशी वाळू. 12 लिटरची बादली कोरड्या वाळूने भरली की 18-19 किलो होते. वाळू पोत्यात भरावी, तोंड शिवावे आणि पोते पायाला दोन ठिकाणी आवळावे.

– वजनाचा पट्टा पायाच्या वरच्या कोपऱ्याला बांधावा आणि पायाखालच्या तळपट्टीलाही. वारा छताला वर उचलतो, तेव्हा ओढ थेट वजनावर गेली पाहिजे. नुसते खाली ठेवलेले वजन जागेवर राहते आणि तंबू त्याच्यापासून सुटून जातो.

– काळ्या मातीत मांडत असाल तर दीड फुटाच्या सळईच्या मेखा घ्याव्यात. मेख तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलती ठोकावी. तणावा जमिनीशी साधारण 45 अंशांत असावा. मेखेच्या डोक्यावर प्लॅस्टिकची बाटली उलटी घालावी, नाहीतर अंधारात कुणीतरी अडखळते.

*टाळावे*

– तळपट्टीवर नुसता दगड किंवा वीट ठेवणे. ते वजन तंबूचे नाही, जमिनीचे आहे.

– दुचाकीला, विजेच्या खांबाला किंवा शेजारच्या तंबूला बांधून निश्चिंत होणे. दोन तंबू एकमेकांना जरूर जोडावेत, पण दोघांनाही आपापले वजन असेल तरच. नाहीतर एक सुटला की दुसऱ्याला घेऊन जातो.

– उन्हाळ्यात भेगा पडलेल्या रानात केवळ मेखेवर विसंबणे. कोरड्या काळ्या मातीत मेख ढिली बसते, आणि पहिल्या सरीनंतर तीच माती लोण्यासारखी होते. मेख असली तरी वजन हवेच.

– मेख ठोकण्याआधी खाली नळाचा पाइप किंवा वीजवाहिनी आहे का, हे न विचारणे.

मांडताना

*करावे*

– दोघांनी समोरासमोरचे पाय धरून थोडे थोडे मागे सरकत उघडावा. एका दमात ओढला तर कात्री वाकते. शक्य असेल तर चौघांनी.

– छत पूर्ण चढवून, कोपऱ्यांच्या चिकटपट्ट्या लावून मगच पाय उंच करावेत. आधी एका बाजूचे दोन पाय, मग दुसऱ्या. प्रत्येक बटण टक् वाजून बाहेर आले, हे बोटाने चाचपावे.

– पावसाचे चिन्ह असेल तर मागचे दोन पाय एक खाच खाली ठेवावेत, म्हणजे पाणी गिऱ्हाइकाच्या बाजूला पडत नाही. 10 बाय 10 च्या छतावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे 9 लिटर पाणी होते. 10 मिलिमीटरची एक सर म्हणजे 90 लिटर. ते एका झोळात साचले तर कात्री त्या वजनाला टिकत नाही.

– हा झोळ घालवायला अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे चार तुकडे पुरतात. मधल्या खांबाच्या टोपीपासून प्रत्येक कोपऱ्यापर्यंत छताखाली एकेक तुकडा कमानीसारखा बसवावा. टोकांवर जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळावेत, म्हणजे कापड घासत नाही. एवढ्या स्वस्तात याहून जास्त उपयोगाची सुधारणा नाही.

– दिव्यासाठी एलईडी पट्टी वापरावी. वीज घ्यायची तर महावितरणची किंवा जागामालकाची रीतसर जोडणी घ्यावी आणि वाटेत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. लोखंडी सांगाडा, ओली जमीन आणि सोललेली वायर एकत्र आली की जीव जातो.

*टाळावे*

– वरून तारा जात असतील तिथे तंबू उंच करणे.

– जुन्या झाडाखाली मांडणे. अकोला जिल्ह्यातल्या पारस येथे 9 एप्रिल 2023 रोजी वादळी पावसात जुने कडुलिंबाचे झाड मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर कोसळले आणि आत आसरा घेतलेल्या 7 जणांचा जीव गेला. तिथे निदान पत्रा होता. आपले छत कापडाचे आहे. सावलीसाठी तंबू आणला आहे ना, मग झाडाची सावली सोडून मोकळ्यावर मांडावा.

– कात्रीला तराजू, पंखा किंवा केळीचा घड टांगणे. कात्र्या छत उघडे ठेवण्यासाठी आहेत, ओझे झेलण्यासाठी नाहीत. टांगायचेच असेल तर बाजूला वेगळी तिपाई उभी करावी.

– छताखाली भट्टी, शेगडी किंवा कढई. पॉलिस्टर वितळून थेंबथेंब खाली गळते आणि कातडीला चिकटते. वड्याची कढई तंबूच्या बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावी आणि अग्निशामक नळकांडे हाताशी.

– हालोजन दिवा. त्याच्या उष्णतेने कापडाला भोक पडते.

– चांदीचे दागिने मांडले असतील तर रबरी चटई किंवा रबरी ताणपट्टे त्यांच्या जवळ. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. सुती कापड अंथरावे.

वळीव आला तर

*करावे*

– एप्रिल-मे महिन्यांत दुपारी आभाळाकडे लक्ष ठेवावे. उकाडा वाढतो, वारा पडतो, मग एकदम गार झुळूक येते. ती झुळूक ढगातून खाली आलेल्या हवेची असते. ती लागली की हातात मोजकी मिनिटे उरतात. त्या क्षणी आधी कनाती काढाव्यात, मग पाय खाली घ्यावेत, मग छत मिटावे.

– पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे अॅप फोनवर ठेवावे. आसपास विजा पडत असतील तर ते इशारा देते.

– विजा चमकू लागल्या की माणसांनी पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे. माल भिजला तर भिजू द्यावा.

– तंबू मिटायला वेळच नसेल तर छताच्या चिकटपट्ट्या सोडून कापड काढून घ्यावे. नुसता सांगाडा वाऱ्याला धरायला फार कमी देतो.

*टाळावे*

– चारही बाजूंनी कनाती लावून आत माणसे गोळा करणे. वरचा दाबाचा हिशेब आठवावा. ताशी 80 किलोमीटरच्या वाऱ्यात कनाती लावल्या, तर 80 किलोंचे वजनही पुरत नाही.

– उडू लागलेला तंबू हाताने धरणे. सोडून द्यावा आणि आजूबाजूच्या लोकांना ओरडून सावध करावे. सुटलेल्या तंबूचा पाय शेजारच्या दुकानातल्या बाईच्या किंवा लहान मुलाच्या डोक्याच्या उंचीवरून जातो. वजन बांधायचे ते मालासाठी नव्हे, त्यांच्यासाठी.

– छतावर साचलेले पाणी खालून काठीने एकदम ढकलणे. एका कोपऱ्याचा पाय हळूहळू खाली घेऊन वाट करून द्यावी.

जत्रेनंतर

पट्टणकोडोली हुपरीच्या अगदी जवळ. दिवाळीआधी विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते, धनगर बांधव महाराष्ट्र-कर्नाटकातून येतात आणि भंडारा उधळला जातो. जोतिबाच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेला गुलाल असतो. या दोन्ही यात्रांहून तंबू रंगून येतो, आणि धुण्याच्या घाईत पुष्कळांच्या कापडाची वाट लागते.

*करावे*

– भंडारा आधी कोरडाच झटकावा, मऊ झाडूने, वाऱ्याच्या दिशेने. मग नुसत्या पाण्याने धुवावे. उरलेला पिवळेपणा उन्हावर सोडावा. हळदीचा रंग उन्हात विटतो. दोन-चार दिवस ऊन दिले की डाग फिका होतो आणि कापडाला काही इजा होत नाही.

– गुलालही कोरडा झटकावा. ओला झाला की तो धाग्यात उतरतो.

– गळीत हंगामात साखर कारखान्याच्या परिसरात भुशाची काजळी उडून येते. ती रोज संध्याकाळी फडक्याने टिपावी. तेलकट हाताने चोळली तर पांढऱ्या कापडावर कायमची राहते.

– धुताना कोमट पाणी, अगदी थोडा सौम्य द्रव साबण आणि स्पंज. कापड सांगाड्यावर ताणलेले असतानाच धुतले तर चुण्या पडत नाहीत आणि वाळतेही तिथेच.

– पूर्ण वाळल्यावरच पिशवीत घालावे. जत्रेहून ओलाच आणावा लागला, तर त्याच रात्री व्हरांड्यात उघडून ठेवावा. पावसाळ्यात दोन दिवस ओले राहिलेल्या कापडावर काळी बुरशी धरते, आणि तिचा डाग जात नाही.

*टाळावे*

– भंडाऱ्याच्या डागावर धुण्याची पावडर किंवा सोडा. हळद क्षारात लाल होते, आणि मालक घाबरून अजून जोरात घासतो. डाग तसाच राहतो, पाणीरोधक थर मात्र निघून जातो.

– ब्लीच, वॉशिंग मशीन, इस्त्री. तिन्ही नकोत.

– मिटताना कापड दर वेळी त्याच घडीत दाबणे. त्या रेषेवर थर तडकतो आणि पुढच्या पावसात नेमके तिथूनच ठिबकते.

ठेवताना

*करावे*

– पिशवी उभी, पाय खाली, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर ठेवावी. कापड सांगाड्यापासून सोडवून वेगळे ठेवले तर कात्रीच्या कोपऱ्यांनी भोके पडत नाहीत. उंदीर असतील तर कापड पत्र्याच्या पेटीत.

– महिना-दोन महिन्यांनी उघडून हवा द्यावी.

*टाळावे*

– चांदीकामाच्या खोलीत ठेवणे. हुपरीत घर आणि कारखाना पुष्कळदा एकाच छपराखाली असतात, आणि रिकामा कोपरा दिसला की तंबू तिथे जातो. चांदी उजळायला किंवा गाळायला वापरलेल्या तेजाबाच्या वाफेने लोखंडाला गंज चढतो आणि सांध्यांचे नायलॉन ठिसूळ होते. बाहेरून काही दिसत नाही. पुढच्या मोसमात उघडताना सांधा बिस्किटासारखा मोडतो. दुसरी खोली नसेल तर शेजाऱ्याकडे ठेवावा.

– शिवारात फवारायची औषधे, खताची पोती यांच्या शेजारी ठेवणे.

दुरुस्ती आणि सुधारणा

*करावे*

– वर्षातून एकदा, शक्यतो मार्च महिन्यात, सगळे बोल्ट तपासावेत. बहुतेक तंबूंत 6 मिलिमीटरचे बोल्ट असतात, त्याला 10 नंबरचा पाना लागतो. साधे नट काढून नायलॉन रिंग असलेले लॉकनट घालावेत. ते हलत्या सांध्यावर आवळून न बसताही सुटत नाहीत. नट इतकाच आवळावा की कात्री सहज फिरेल.

– गंजलेले बोल्ट बदलून स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. कापडाला लागणाऱ्या प्रत्येक टोकावर टोपी असलेला नट घालावा.

– सरकत्या पायांत सिलिकॉनचा फवारा. धुळीच्या गावात तेल-ग्रीस लावले की वाळूकण चिकटतात आणि नळी आतून खरवडते.

– रंग उडालेली जागा पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड, वर रंग. पावसाळ्याआधी करावे, नंतर केले तर रंगाखाली गंज अडकतो.

– फाटलेले कापड दोन्ही बाजूंनी ठिगळ लावून पॉलिस्टर दोऱ्याने शिवून घ्यावे. सुती दोरा उन्हापावसात कुजतो. शिवणीवर आतून सीलंटची एक रेघ ओढावी, कारण सुईची भोके गळतात. ताडपत्री शिवणारा कारागीर हे काम साध्या शिंप्यापेक्षा चांगले करतो, त्याची मशीन जाड थराला दबत नाही.

– कोपऱ्यांत, जिथे सांगाडा आतून घासतो, तिथे चामड्याचे किंवा रेक्झिनचे वीतभर तुकडे आधीच शिवून घ्यावेत. भोक पडण्याची वाट पाहू नये.

*टाळावे*

– वाकलेली नळी हातोडीने सरळ करणे. ती सरळ दिसते, पण वाकली होती तिथे कमकुवत राहते. आत घट्ट बसेल अशी दुसरी नळी घालून दोन रिबिटे मारावीत, किंवा तेवढा तुकडा बदलावा.

– जस्ताचा मुलामा असलेल्या नळीला बंद खोलीत झाळ लावणे. झाळकामाची सवय असलेल्या गावात हा मोह होतो. जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो, आणि झाळ दिलेल्या जागेचा मुलामा जळून तिथूनच गंज सुरू होतो. रिबीट किंवा बोल्ट बरा.

– तडकलेला सांधा चिकटपट्टीने बांधून जत्रा काढणे. एक सांधा गेला की त्याचा भार शेजारच्या दोघांवर येतो आणि संध्याकाळपर्यंत तिन्ही जातात. चार सांधे, आठ बोल्ट-नट आणि दोन बटणे यांची पुडी पिशवीतच असावी.

– कापड विटले म्हणून सांगाड्यासकट नवा तंबू घेणे. सांगाडा सरळ असेल तर नुसते छत मिळते. उलट सांगाडा कायमचा वाकला असेल, तर कितीही नवे कापड घातले तरी उपयोग नाही. तो भंगारात घालताना चांगले सांधे, बटणे, तळपट्ट्या काढून ठेवाव्यात. त्याच मापाचा तंबू गावात आणखी कुणाकडे असतोच, आणि ऐन यात्रेच्या आदल्या रात्री त्याला नेमका त्यातलाच एखादा भाग लागतो.